इशारा पातळी

कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४० फुटांवर गेलं त्या संध्याकाळी ताई भाच्याला घेऊन आमच्याकडं राजारामपुरीत आली. तिचं घर शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत. २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या घरातली माणसं धोका पातळीची वाट बघत बसत नाहीत. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, आणि मधल्या चार फुटांत काय काय उचलायचं हे त्या गल्लीत लहान पोरांनाही पाठ असतं. फ्रिज विटांवर, गाद्या माळ्यावर, कागदपत्रं पिशवीत, आणि माणसं उंचावरच्या पाहुण्यांकडं.

२०२४ चा जुलै संपत आला होता. शाळेला सुट्टी, बाहेर पावसाची झड आणि घरात नववीतला पोरगा. आबा सोफ्यावर बसून मोबाइलवर दर दोन तासांनी पाण्याचे आकडे वाचून दाखवायचे. माझी शिरोलीच्या फौंड्रीत शिफ्ट असायची. उरलेल्या वेळात मी आणि भाचा लॅपटॉपपुढं बसलो. दोन महिन्यांपूर्वी घेतलेला एक गेम माझ्याकडं तसाच पडून होता. त्यात सहा जणांची पार्टी, म्हणजे एकत्र लढणारा चमू, उभी करायला आम्हाला जवळजवळ दहा दिवस लागले. ते कसं जमलं ते लिहितो, कारण हा गेम घेऊन पहिल्याच संध्याकाळी बंद करणारे बरेच जण मला माहीत आहेत, आणि त्यांचं अडतं ते इथंच.

गेम म्हणजे ‘विझर्ड्री’चा पहिला भाग. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहिला आणि १९८१ साली सर-टेकनं ॲपल टू संगणकासाठी बाजारात आणला. पुढं जपानात ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि ‘फायनल फँटसी’ निघाले, त्यांच्या मुळाशीही हाच. डिजिटल एक्लिप्स या कंपनीनं मे २०२४ मध्ये त्याची नवी आवृत्ती पूर्ण केली. चित्रं नवी, आवाज नवे, पण खाली चालतो तो मूळचाच हिशोब. हवं असेल तर कोपऱ्यात जुना पडदाही दिसतो: काळ्यावर नुसत्या रेघा, त्यातून भिंती आणि दारं. भाच्याला तो कोपराच जास्त आवडला.

खेळ सांगायला सोपा. एक गाव, गावाखाली दहा मजल्यांचं भुयार, प्रत्येक मजला २० बाय २० चौकटींचा, आणि तळाला वर्डना नावाचा मांत्रिक. आपली सहा माणसं. लढाई आळीपाळीनं: आपण सहाही जणांना हुकूम द्यायचे, मग दोन्ही बाजूंचे वार चपळाईच्या क्रमानं होणार. पुढचे तीन हत्यार चालवतात आणि शत्रूचे फटके खातात. मागचे तीन मंत्र टाकतात. पुढचा एक पडला की मागचा एक पुढं सरकतो. हे शेवटचं वाक्य आम्ही पहिल्या दिवशी नीट ऐकलंच नाही.

भाच्याला सामुराईच पाहिजे होता.

“मामा, तलवारबी चालवतो आणि पुढं मंत्रबी शिकतो. मग दुसरा कोण कशाला घ्यायचा?”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण नवा माणूस करताना वंशाचे ठरलेले गुण मिळतात आणि वर वाटायला काही जादा गुण. हे जादा गुण बहुतेक वेळा ७ ते १० मिळतात, कधीतरी नशिबानं १७ च्या पुढं. सामुराईला ताकद १५, बुद्धी ११, श्रद्धा १०, जीवट १४ आणि चपळाई १० लागते. ड्वार्फ, म्हणजे तो दणकट बुटका, घेतला तरी ताकदीला ५, बुद्धीला ४, जीवटाला ४, चपळाईला ५, असे १८ गुण जादा लागतात. माणूस घेतला तर २३. पोरानं वीस-पंचवीस वेळा माणूस केला आणि पुसला, तेव्हा कुठं १८ आले. त्याचं नाव ठेवलं पन्हाळा. मग सगळ्यांनाच जिल्ह्यातल्या गडांची नावं द्यायचं ठरलं. पन्हाळ्याच्या जोडीला दोन लढवय्ये, मागं दोन जादूगार, एक चोर. पुजारी नाही. “मारलं की झालं, औषधपाणी कशाला?” असं त्याचं म्हणणं, आणि मीही हो म्हणालो.

सोन्याची नाणी प्रत्येकाला शंभर-दीडशे मिळतात. सगळ्यांची गोळा करून ७५० ला पन्हाळ्यासाठी अख्खं पोलादी चिलखत घेतलं. बाकीचे जवळजवळ उघडेच. पहिली लढाई जिंकली, दुसरी रखडत जिंकली, तिसरीत ऑर्क नावाच्या राक्षसांची टोळी आली. चिलखतवाला उभा राहिला, शेजारचे दोघे पडले. ते पडल्यावर दोन्ही जादूगार पुढच्या रांगेत आले. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अनुभवाच्या पहिल्या पायरीवरच्या, जादूगाराला प्राण असतात ते एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दोन फेऱ्यांत सगळं संपलं. भाचा गप्प बसला आणि आबांनी आतून सांगितलं, “एक्केचाळीस झालं.”

गावात एक देऊळ आहे, तिथं मेलेल्याला उठवतात. दर आहे लेव्हलमागं २५० नाणी. पहिल्या लेव्हलच्या माणसाला उठवायला अडीचशे, आणि नवा माणूस केला तर तो स्वतःच शंभरभर घेऊन येतो. म्हणजे गेलेल्यांना तिथंच सोडून नवे करणं परवडतं. भाच्यानं हिशोब केला आणि म्हणाला तसंच करू. मला ते खटकलं. खेळ असला तरी आपण नाव देऊन उभी केलेली माणसं महाग पडतात म्हणून टाकून द्यायची, ही सवय चांगली नाही असं मला वाटतं. आम्ही तेव्हाच ठरवलं: नवी पार्टी करायची, पण ती अशी की कुणाला टाकायची वेळ येऊ नये. आणि जुनी सेव्ह लोड करायची नाही.

दुसऱ्या दिवशी मी चौकटीची वही आणली. फौंड्रीत माझं काम इन्स्पेक्शनचं. कास्टिंग फुटलं की आधी ते कुठून फुटलं ते बघायचं, वितळवणाऱ्याला दोष द्यायची घाई करायची नाही. तसंच बसून बघितलं, तर आमची पार्टी पन्हाळा कमी पडला म्हणून मेली नव्हती. ती मेली कारण शत्रूंना एकाच वेळी सगळ्यांना हात उचलता आले, आणि पडलेल्याला सावरायला आमच्याकडं काही नव्हतं.

म्हणून पार्टी उलटीकडून रचली. आधी विचार केला झोपेचा.

जादूगाराला पहिल्याच लेव्हलला दोन मंत्र येतात, हालिटो आणि काटिनो. हालिटो म्हणजे आगीचा छोटा गोळा, तो एकालाच लागतो. काटिनो अख्ख्या टोळीला झोपवतो. झोपलेला शत्रू वार करत नाही, आणि त्याच्यावर बसलेला घाव दुप्पट लागतो. पहिल्या मजल्यावर याच्यासारखं हत्यार नाही. प्रत्येक जादूगाराला सुरुवातीला दोनदाच मंत्र टाकता येतो, आगीचा टाकला तर झोपेचा एक कमी झाला. आम्ही पहिल्या दिवशी सगळे हालिटो टाकले होते. दुसऱ्या पार्टीत दोन जादूगार म्हणजे चार काटिनो, आणि हालिटोला हात लावायचा नाही असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. झोपेचा मंत्र उठून चालणाऱ्या प्रेतांवर लागत नाही. पण पुजारी पहिल्या लेव्हलपासून त्यांना परतवू शकतो. म्हणजे पुजारी जखमा भरायलाच नव्हे, जिथं झोप चालत नाही तिथंही लागतो. पुजारी आला.

मग गुणांची वाटणी. भाच्यानं जादूगारांचे सगळे गुण बुद्धीला दिले होते, ते दिसायला बरोबर वाटतं. पण काटिनो शत्रूच्या वारानंतर पडला तर तो वार आधीच बसलेला असतो. कोण आधी हलणार हे चपळाईवर. म्हणून एल्फ वंशाच्या जादूगाराला ९ गुण मिळाले त्यातले ५ बुद्धीला, ४ चपळाईला दिले. बुद्धी १५ झाली, पुढचे मंत्र शिकायला तेवढी चालते. लढवय्यांचं उलटं. ताकद १६ च्या खाली कितीही असो, वाराला त्याचा काहीच फायदा नाही. १६ ला एक, १७ ला दोन, १८ ला तीन असा तो वाढतो. सगळ्या गुणांना थोडं थोडं वाटणं म्हणजे ते पाण्यात घालणं. ड्वार्फाची ताकद मुळातच १०. ८ गुण मिळाले तर सरळ १८ पर्यंत नेता येते. माणसाला तेच ८ दिले तर १६ वर थांबतो. म्हणून तिन्ही लढवय्ये ड्वार्फ घेतले. ते हळू हलतात, चपळाई नुसती ५. पण त्यांचा वार पडायच्या आधी शत्रू झोपलेला असावा अशीच आमची रचना होती, त्यामुळं त्यांचं उशिरा हलणं चालून गेलं. हे एकमेकांत बसलेलं दिसलं तेव्हा मला फार बरं वाटलं. फौंड्रीत कोअर, म्हणजे आतला गाभा, मोल्डमध्ये नीट बसल्यावर वाटतं तसं.

आणखी एक गोष्ट, जी पहिल्या दिवशी आम्ही डोळे झाकून भरली होती: स्वभाव. सज्जन, तटस्थ, दुर्जन असे तीन स्वभाव आहेत आणि सज्जन-दुर्जन एका पार्टीत बसत नाहीत. पुजारी तटस्थ होऊ शकत नाही, चोर सज्जन होऊ शकत नाही. म्हणून पुजारी सज्जन ठेवला आणि बाकी शक्य तितके सगळे तटस्थ. तटस्थ माणूस कुठंही बसतो. राखीव माणसं ठेवायची असतील तर याला फार किंमत आहे.

राखीव माणसं ही कल्पना भाच्याची. त्याला गडांची नावं संपवायची होती, एवढंच खरं कारण. नव्या पार्टीत पन्हाळा, विशाळगड, भुदरगड पुढं, रांगणा पुजारी, पारगड आणि सामानगड जादूगार. एवढ्यानं सहा झाले. मग त्यानं पावनगड हा हॉबिट वंशाचा चोर केला, गगनगड हा एल्फ बिशप केला आणि महिपालगड हा आणखी एक लढवय्या. तिघे खानावळीत बसून राहिले.

चोराला सुरुवातीला बाहेर ठेवायचं हे मी मुद्दाम केलं, आणि यावर अनेकांचं मत वेगळं असेल. चोराशिवाय खजिन्याच्या पेट्या धोका न घेता उघडता येत नाहीत हे खरं. पेटीवरचा सापळा ओळखण्याची त्याची शक्यता म्हणजे चपळाईच्या सहापट टक्के, ९५ च्या पुढं जात नाही. हॉबिटाची चपळाई १० पासून सुरू होते, ६ गुण घातले की तो कमाल गाठतो. निंजा सोडला तर दुसऱ्या कुणाला सहापटीऐवजी एकपटच मिळते. म्हणजे सुरुवातीच्या पार्टीत चोराची जागा कुणी भरून काढू शकत नाही. पण लढाईत तो मागच्या रांगेत नुसता उभा असतो, आणि पहिल्या लेव्हलला सहापैकी एक जागा नुसती उभी ठेवणं मला परवडणारं वाटलं नाही. अनुभवाचे गुण जिवंत असलेल्यांत सारखे वाटले जातात, त्यामुळं मागून आलेला भरभर वर येतो. चोराला दुसऱ्या लेव्हलला ९०० च लागतात, सगळ्यांत कमी. तो नंतर आला तरी मागं पडणार नव्हता.

बिशपचं काम वेगळं. भुयारात मिळालेल्या वस्तू ‘तलवार’, ‘ढाल’ अशाच दिसतात. खरं काय ते ओळखावं लागतं. गावातल्या बोल्टॅकच्या दुकानात ओळखून घ्यायला जेवढे पैसे पडतात तेवढेच ती वस्तू विकून मिळतात, म्हणजे हातात शून्य. बिशप फुकट ओळखतो. चुकला तर शापित वस्तू त्याच्याच अंगाला चिकटते, ती जोखीम आहे. आम्ही गगनगडला सोबत घेऊन जिन्याच्या पायथ्याशी उभे राहायचो, वस्तू तपासायच्या आणि परत वर. एल्फाला बिशप व्हायला बुद्धी आणि श्रद्धा दोन्हीत मिळून फक्त ४ गुण लागतात. इतक्या स्वस्तात हा माणूस मिळत असताना न करणं चूक आहे.

खरेदी या वेळी मी केली. तिन्ही पुढच्यांना साखळीचं चिलखत ९० ला, मोठी ढाल ४० ला, लांब तलवार २५ ला. एकाचे १५५, तिघांचे ४६५. चिलखत आणि ढाल मिळून बचावाचा आकडा १० वरून ४ वर येतो; इथं तो जितका कमी तितका चांगला. पुजाऱ्याला चामड्याचं चिलखत आणि गदा. जादूगारांना झगा आणि काठी. उरलेले पैसे गाठीला.

त्या दुपारी ताई स्वयंपाकघरातून सारखी फोनवर होती, गल्लीतल्या शेजारणींशी. कुणाच्या पायरीला पाणी लागलं, कुणी अजून निघालं नाही. आबांनी बेचाळीस सांगितलं. ताई म्हणाली, “एकोणचाळीसलाच निघालं पायजे होतं त्यांनी. बेचाळीसला निघायचं म्हणजे पाण्यातनं निघायचं.”

मी वहीत बघत होतो. चार काटिनो, दोन डिओस म्हणजे जखम भरायचे मंत्र. आम्ही आत्तापर्यंत कधी परत फिरत होतो? मंत्र संपले की. पण परतीच्या वाटेवरही कुणीतरी भेटतंच. मंत्र संपल्यावर फिरणं म्हणजे पाण्यातनंच निघणं. मी पानाच्या वर दोन रेघा मारल्या. एक हिरवी: इशारा. दोन काटिनो उरले, किंवा पुढच्या तिघांतला एकजण निम्म्यावर आला, की जिथं असू तिथून मागं वळायचं. दुसरी लाल: धोका. काटिनो शून्य. लाल रेघेवर आपण असू तर पाय जिन्यावर असला पाहिजे.

भाच्यानं ते बघितलं आणि काही न बोलता प्रत्येक चौकटीत जिन्यापासूनची पावलं लिहायला घेतली. कुंभार गल्लीतल्या पोराला ते समजावून सांगावं लागलं नाही.

नव्या पार्टीच्या पहिल्या दिवशीच्या फेऱ्या आठवतात. जिना उतरायचा, पहिलं दार उघडायचं, एक लढाई, परत. गावातल्या तबेल्यात झोपणं फुकट आहे. तिथं जखमा भरत नाहीत पण मंत्र परत येतात. म्हणून तबेल्यात झोपायचं, जिना उतरून पायथ्याशीच डिओस टाकून जखमा भरायच्या, परत तबेला, मग खरी फेरी. एका लढाईसाठी तीनदा जिना.

“मामा, उंबरा ओलांडायचा आणि परत फिरायचं, ह्यात खेळ कुठाय?” तिसऱ्या फेरीनंतर तो म्हणाला.

“जिवंत किती आहेत?”

“सहा.”

“मग चालूय खेळ.”

दहा-बारा फेऱ्यांत सगळे दुसऱ्या लेव्हलला आले. लढवय्यांना हजार लागतात, पुजाऱ्याला १०५०, जादूगारांना ११००, त्यामुळं एकामागोमाग एक. खानावळीशेजारच्या धर्मशाळेत झोपल्यावर लेव्हल वाढल्याचं कळतं, आणि प्रत्येक वेळी भाचा उठून उभा राहायचा. मंत्र वाढले तशी इशाऱ्याची रेघ पुढं सरकली. जिन्यापासून आठ पावलं, मग बारा, मग वीस. नकाशाचा एक कोपरा भरला. डुमापिक नावाचा मंत्र आपण जिन्यापासून किती पूर्वेला, किती उत्तरेला आहोत ते सांगतो. तो टाकला की काटिनोचा एक वार कमी होतो, म्हणून आम्ही तो मोजून वापरायचो आणि बाकी पेन्सिलीवर भागवायचो. तिसऱ्या लेव्हलपर्यंत एकही माणूस मेला नाही. हे मी अभिमानानं सांगतो. त्या मजल्यावर हे सोपं नाही.

पाणी ४३ च्या वर गेलं त्या रात्रीची गोष्ट. मी सेकंड शिफ्ट करून आलो होतो, सगळे झोपले होते, ताईच्या घरात पाणी शिरलं होतं. ती जागी होती, पण अंथरुणावर पडून होती. मला झोप येईना म्हणून लॅपटॉप उघडला. पैसे कमी पडत होते, म्हणून सामानगडला खानावळीत बसवून त्याच्या जागी चोराला, पावनगडला, घेतलं. पेट्या उघडायच्या होत्या. दोन पेट्या नीट उघडल्या, नाणी मिळाली.

इशाऱ्याची रेघ वहीत तशीच होती. ती दोन जादूगारांच्या हिशोबानं मारलेली. सामानगड नसताना झोपेचे मंत्र निम्मे झाले होते, म्हणजे हिरवी रेघ मी आत पाऊल टाकतानाच जवळ आली होती. मी ती बदलली नाही. आणि पुढं एक न उघडलेलं दार होतं.

दारापलीकडं दोन टोळ्या होत्या. एकीला पारगडनं झोपवलं, दुसरीला झोपवायला त्याच्याकडं काही नव्हतं. भुदरगड पडला, रांगणा पुढं आला, तो पडला, मग पारगड. मी प्रत्येक फेरीला पळायचा हुकूम देत होतो. शेवटी पन्हाळा एकटा उभा होता.

सकाळी भाच्याला सांगायला मला जड गेलं. मी सगळं जसं झालं तसं सांगितलं, रेघेचंही. त्यानं वही ओढून घेतली आणि बराच वेळ बघत राहिला.

“हे इथंच मेलेत ना? जागा माहीत आहे?”

जागा माहीत होती. या गेममध्ये मेलेली पार्टी त्या चौकटीत पडून राहते, आणि दुसरी पार्टी जाऊन मढी उचलून आणू शकते. पण पार्टीत जागा सहाच. तिघं जिवंत गेले तर तिघांना उचलून आणतील. सहा मढी म्हणजे दोन फेऱ्या, आणि जाणारे तिघंच, म्हणजे तिघेही पुढच्या रांगेत.

खानावळीत होते सामानगड, गगनगड आणि महिपालगड. सामानगड तिसऱ्या लेव्हलचा, बाकी दोघं पहिल्याच. बिशपलाही पहिल्या लेव्हलला काटिनो येतो, हे भाच्याच्या लक्षात होतं, माझ्या नाही. आम्ही आधी दोन दिवस तिघांनाच जिन्यापाशी फिरवलं. सहाऐवजी तिघांत अनुभव वाटला जात असल्यानं ते दोघं लवकर दुसऱ्या लेव्हलला पोचले. साखळीचं चिलखत फक्त महिपालगडला होतं, नवं घ्यायला पैसे नव्हते. पैसे सगळे भुयारात, मढ्यांच्या कमरेला. या वेळी रेघा भाच्यानं मारल्या. मढ्यांपर्यंतची पावलं मोजली, त्याची दुप्पट केली, आणि वाटेत दोनच लढाया परवडतात असं लिहिलं. तिसरी आली तर मढी न घेता परत.

पहिल्या फेरीत जाताना एक टोळी भेटली, ती झोपवून मारली. त्या चौकटीत पोचल्यावर आजूबाजूला शोधायचा हुकूम दिला आणि यादीत नावं आली: पन्हाळा, विशाळगड, भुदरगड, रांगणा, पारगड, पावनगड. भाच्यानं ती मोठ्यानं वाचली. आबा उठून मागं येऊन उभे राहिले. पहिल्या फेरीला कुणाला घ्यायचं? मी म्हणालो पन्हाळा, तो सगळ्यांत दणकट. भाचा म्हणाला, “नाही. रांगणा, पारगड आणि पावनगड. सावरणारा, झोपवणारा आणि पैसे काढणारा. हे तिघं उठले की पुढच्या रांगेला आपण चालत जाऊ.”

त्याचं बरोबर होतं. परतीला एक लढाई झाली, गगनगड दोन प्राणांवर वर आला. दुसऱ्या फेरीला कुणीच भेटलं नाही.

देवळात तिसऱ्या लेव्हलच्या माणसामागं ७५० मागतात. मढ्यांकडची नाणी मिळून तिघांपुरते पैसे झाले. पडद्यावर एकेक शब्द उमटतो: पुटपुट, जप, प्रार्थना, आवाहन. रांगणा उठला. पावनगड उठला, तो दुसऱ्याच लेव्हलचा, त्याला पाचशे लागले. पारगडच्या वेळी शब्द उमटले आणि खाली आलं की त्याची राख झाली. राखेतून उठवायला लेव्हलमागं ५००, म्हणजे दीड हजार, आणि तेही फसलं तर तो कायमचा गेला. देवळात जीव परत येण्याची शक्यता जीवटावर असते, आणि एल्फाचं जीवट मुळातच ६. गुण वाटताना मी त्याच्या जीवटाकडं बघितलंच नव्हतं. तो नव्यानं केला असता तर एक-दोन गुण तिकडं दिले असते.

दोन दिवसांनी पाणी उतरायला लागलं. ताई आणि भाचा गल्लीत चिखल काढायला गेले. मी सुट्टीच्या दिवशी खराटा घेऊन गेलो; भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या गुडघ्याच्या थोडी वर होती. ताई २०१९ ची रेघ दाखवत होती, ती कितीतरी वर. फ्रिज विटांवर कोरडा होता.

रात्री भाच्याचा फोन आला.

“मामा, पारगडचं काय?”

“देवळातच आहे. राख आहे. बाराशे जमलेत.”

“दीड हजार झाले तरी करू नको हां. मी रविवारी येतो, मग करू.”

“बरं.”

“आणि रेघ कुठं मारलीस?”

मी वही उघडून त्याला आकडे सांगितले. सामानगडचे काटिनो किती, गगनगडचे किती, जिन्यापासून पावलं किती. त्यानं पलीकडं लिहून घेतले.